हायब्रिडचे पुढचे टायर आतून झिजतायत? या दुकानाला चार स्टार

चार स्टार देतेय, पाचवा का कापला ते पुढे येईलच. आमची स्ट्रॉन्ग हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि नुसती बॅटरीवर पण चाक ओढू शकणारी मोटर) एसयूव्ही आहे, फ्रंट व्हील ड्राइव्ह (ओढायचं काम पुढच्या चाकांचं), रनिंग सत्तावीस हजारच्या आसपास, रोज सिंहगड रोड ते हिंजवडी आणि अधूनमधून सातारा. एवढ्यात पुढच्या टायरची नक्षी इतकी उतरली की सर्व्हिस सेंटरवाल्यांनी (कुठलं ते जाऊ दे, मैत्रिणीला दुसरीकडे पण हेच ऐकवलं) चाक न खोलता निकाल देऊन टाकला, मॅडम हायब्रिडला असंच होतं, चारही बदला. अठरा इंची टायर, एकाला बारा तेरा हजार, हिशोब तुम्हीच करा. शेजारच्या काकूंच्या मुलाने हे टायरचं दुकान सुचवलं, बाहेरून बघाल तर पंक्चरवाल्याचंच वाटेल, बोर्डपण धड दिसत नाही.

पहिली गोष्ट जी मला आवडली ती म्हणजे गाडी उचलायच्या आधी मालक काकांनी ती पूर्ण बंद करायला लावली. नुसती पार्कमधे टाकून नाही, डॅशवरचा रेडी दिवा (गाडी चालू आहे हे सांगणारा) गेला पाहिजे, आणि चावी घेऊन तुम्ही लांब जाऊन बसा ताई म्हणाले. कारण हायब्रिड रेडीमधे असली की शांत उभी दिसते पण बॅटरी उतरली की इंजिन आपलं आपण चालू होतं, आणि तेव्हा कामाच्या पोराचा हात कुठे असेल सांगता येत नाही. आधीच्या दोन ठिकाणी हे कुणी विचारलंच नव्हतं.

मग डेप्थ गेज घेऊन प्रत्येक टायर तीन ठिकाणी मोजला, आतली कड, मधे, बाहेरची कड. नवीन टायरला साधारण साडेसात ते आठ मिमी नक्षी असते आणि कायद्याने १.६ मिमीच्या खाली गेला की टायर बाद. आमचा पुढचा डावा बाहेरून ४.६, मधे ४.१ आणि आतून फक्त २.२! उभ्या गाडीकडे बघितलं तर आपल्याला बाहेरची कडच दिसते, ती चांगली असते, म्हणून कळतच नाही. पुढचा उजवा पण आतून ३.४ च होता. मागचे दोन्ही कडांना सहाच्या वर पण मधे साडेपाच, यावर काकांनी एकच प्रश्न विचारला, हवा किती ठेवता? आमच्याकडे मायलेज खातं नवऱ्याकडे आहे, त्याला कुठूनतरी कळलंय की हवा जास्त ठेवली की अ‍ॅव्हरेज वाढतं, तर तो ३८-४० पीएसआय मारून आणतो आणि डॅशवरचा आकडा स्टेटसला टाकतो. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर ३३ लिहिलंय. मधे झिजलाय म्हणजे हवा जास्त, दोन्ही कडा झिजल्या म्हणजे हवा कमी, एकच कड गेली म्हणजे अलाइनमेंट (चाकांचे कोन) बिघडलेली, एवढं साधं आहे हे, पण टायर बघायचे कष्ट कुणी घेतले तर.

पुढच्या टायरवरून मला हात फिरवायला लावला. एकीकडून फिरवला तर गुळगुळीत, उलटा फिरवला तर करवतीचे दात लागावेत तसं लागतं. हे टो (चाकांची पुढची बाजू आत किंवा बाहेर किती वळलीय तो कोन) बिघडल्याचं लक्षण, चाक सरळ न चालता थोडं तिरकं घासत जातं. आणि मग माझी ट्यूब पेटली की साठच्या आसपास जी घूंऽऽ आवाजाची तक्रार मी कधीपासून करत होते, जिला एकाने बेअरिंग म्हणून पाच हजाराचं कोटेशन दिलं होतं, ती हीच. पेट्रोल गाडीत हा आवाज इंजिनात दबून जातो, आमची ईव्ही मोडवर (इंजिन बंद, नुसत्या बॅटरीवर) चालते तेव्हा आत सगळं चिडीचूप असतं त्यामुळे टायरचं रडगाणं पूर्ण ऐकू येतं.

आता मुख्य मुद्दा, हायब्रिडचा यात दोष किती? काकांचं म्हणणं मला पटलं, थोडा आहे पण सगळं हायब्रिडच्या माथी मारू नका. मोटर, बॅटरी, इन्व्हर्टर धरून तीच गाडी पेट्रोलपेक्षा मॉडेलप्रमाणे साधारण ऐंशी ते दीडशे किलो जड. इलेक्ट्रिक मोटरचा जोर शून्यापासून लगेच मिळतो, सिग्नल सुटल्यावर आपण सुसाट निघतो तो मार पुढचेच टायर खातात. आणि तिसरं म्हणजे रीजन (रीजनरेटिव्ह ब्रेकिंग). पाय उचलला किंवा हलका ब्रेक दाबला की मोटर जनरेटरसारखी चालून बॅटरी चार्ज करते, पण आमच्यासारख्या गाडीत मोटर पुढच्याच चाकांना जोडलेली, म्हणजे ट्रॅफिकमधलं बरंचसं थांबणं पण पुढच्याच दोन टायरांवर. खंबाटकी घाट उतरताना बी मोडला (उतारावर गाडी जास्त रोखून धरणारा गिअर) टाकली की अजून जास्त. ओढायचं पण त्यांनीच, थांबवायचं पण त्यांनीच, वळवायचं पण त्यांनीच, मागचे नुसते पाहुण्यासारखे मागून येतात. म्हणून पुढे-मागे फरक पडणार हे धरूनच चालायचं आणि आठेक हजार किलोमीटरला रोटेशन (पुढचे-मागचे टायर अदलाबदल) करायचंच, पंधरावीस हजाराची वाट बघायची नाही. पण आतली कड खाल्ली जाते ती हायब्रिडमुळे नाही, ती आपल्या रस्त्यांमुळे. डावं चाक कायम कडेच्या खड्ड्यात आणि ड्रेनेजच्या झाकणावर आपटतं, टो हलतो, वजन आणि मोटरचा जोर जास्त म्हणून त्याचा परिणाम लवकर दिसतो, बस.

एक गोष्ट मात्र मी कुठेच वाचली नव्हती. रीजनमुळे हायब्रिडचे ब्रेक पॅड खूप वर्षं जातात, चांगलंच आहे, पण साध्या गाडीत पॅड बदलायच्या निमित्ताने चाक निघतं आणि कुणाचातरी आतल्या कडेवर डोळा पडतो. इथे चाक काढायचं कारणच लवकर येत नाही. सर्व्हिसमधे चेक केलं असं टिकमार्क असतं, चेक कसं केलं ते आपल्याला माहितीये.

अलाइनमेंटचा आधीचा आणि नंतरचा दोन्ही प्रिंट दिले. पुढचा टो लाल (म्हणजे हद्दीबाहेर) होता, टो आऊट, चाकांची पुढची बाजू बाहेर वळलेली, कॅम्बर (चाक उभं किती कललंय ते) ठीक. मागे आमच्या गाडीला टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारा एकच आडवा दांडा) आहे, तिथे अ‍ॅडजस्ट करायला काही नसतं, नुसतं रीडिंग बघता येतं, ते त्यांनी स्वतःहून सांगितलं आणि मागचे पैसे लावले नाहीत. (फोर व्हील अलाइनमेंटचं पॅकेज विकणाऱ्यांना हा प्रश्न जरूर विचारा, मजा येते.)

चारऐवजी दोनच टायर घेतले, आणि इथे आमची जरा जुंपली कारण मला नवीन पुढे पाहिजे होते, ओढणारी चाकं ती ना. काकांनी नवीन मागेच टाकले आणि मागचे पुढे आणले. पावसात पुढच्या टायरची पकड सुटली तर गाडी सरळ जाते, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलून सावरता येते, मागच्यांची सुटली तर गाडी गर्रकन फिरते आणि मग आपल्या हातात काही राहत नाही. हे ऐकल्यावर मी गप्प बसले. उजव्या टायरमधे थोडा जीव होता पण एका अ‍ॅक्सलवर (पुढच्या किंवा मागच्या जोडीत) एक नवा एक जुना घालत नाहीत, तो आता आमच्या गॅलरीत पडलाय, सासूबाईंना त्यात अळू लावायचाय.

नवीन टायर घेताना कंपनीकडून आलेलं तेच पॅटर्न दिलं, स्वस्तातलं नाही. मी विचारलं होतं, कारण त्याच साइजमधे एक बऱ्यापैकी स्वस्त होता, पण त्याचा लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) ९१, म्हणजे एका टायरला ६१५ किलो, आमचा मूळचा ९५, म्हणजे ६९० किलो. जड गाडीला हलका टायर घालू नका म्हणाले आणि जास्त विकायच्या नादात न लागता दोन वाक्यात विषय संपवला. साइडवॉलवरचे तारखेचे चार आकडे पण स्वतः दाखवले, १८२५ असेल तर २०२५ चा अठरावा आठवडा. नवीन नक्षी जाड असते म्हणून अ‍ॅव्हरेज थोडं पडलंय, हवा पण आता ३३ च आहे, मायलेज खात्याचे मंत्री दोन दिवस रुसले होते.

आता कापलेला स्टार. घरी येताना स्टीअरिंग जरासं उजवीकडे कलतं होतं, गाडी सरळ पण हातातलं चाक तिरपं. दुसऱ्या दिवशी परत जावं लागलं, टाय रॉड (स्टीअरिंगपासून चाकापर्यंतचे दांडे) परत सेट केले, स्कॅनर लावून स्टीअरिंग सेन्सर झिरो केला, पैसे घेतले नाहीत, सॉरी पण म्हणाले, पण हे ट्रायल मारूनच द्यायला पाहिजे होतं आणि माझा अर्धा दिवस गेला तो गेलाच. शिवाय बसायला एक बाकडं, ते पण उन्हात. फोनवर नंबर लावून घेत नाहीत, जो आधी येईल त्याचा. जीएसटी बिल मागितल्याशिवाय मिळत नाही, मागितलं की लगेच देतात, हे काय गौडबंगाल आहे देव जाणे.

अलाइनमेंट, चारही चाकांचं बॅलन्सिंग आणि अदलाबदल मिळून दीड हजाराच्या आत, टायरचे वेगळे. जाणार असाल तर सकाळी साडेनऊला शटर उघडतं तेव्हाच जा, अकरानंतर टेम्पोवाल्यांची रांग लागते, आणि रविवारी एक वाजता बंद. मालक स्वतः आहेत का ते आधी विचारा, पोरगं एकटं असेल तर अलाइनमेंटचे दोन्ही प्रिंट मागून घ्या.