अकाऊंट लिंक करावं, शेड्युलर घ्यावा, की सरळ हाताने टाकावं?

सोशल मीडियावर दोनाची तीन-चार अकाऊंट झाली की हा प्रश्न पडतोच. एकच फोटो, एकच मजकूर, तो चार ठिकाणी कोण टाकत बसणार. मी एका हौशी ट्रेकिंग ग्रुपची अकाऊंट बघतो, शिवाय स्वतःची आहेतच, त्यामुळे तिन्ही प्रकार वापरून झालेत. लिंक कशी करायची ते तुम्हाला माहीत असेल असं धरून चालतो, सेटिंगमध्ये जाऊन चार बटणं दाबायची आहेत फक्त.

आधी अंगभूत लिंकिंग, म्हणजे इन्स्टाग्राम आणि फेसबुक अकाऊंट्स सेंटरमधून जोडणं. सोय म्हणून याला तोड नाही. फुकट आहे, बाहेरच्या कुणाला परवानगी द्यावी लागत नाही, आणि पोस्ट, स्टोरी, रील यांचं ऑटो शेअरिंग वेगवेगळं चालू-बंद करता येतं, हे बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं, ते सरसकट सगळं चालू करून ठेवतात. एक बघून घ्या, पोस्ट पेजवर चाललीय की तुमच्या स्वतःच्या प्रोफाइलवर. ग्रुपची सूचना ऑफिसमधल्या लोकांना दिसण्यात तसं नुकसान काही नाही म्हणा, पण खुलासे करत बसावे लागतात.

ही जोडणी टिकते कारण दोन्ही घरं एकाच मालकाची आहेत, फेसबुकने इन्स्टाग्राम २०१२ मध्येच घेतलं. मालक वेगळे असले की चित्र बदलतं. ट्विटरवरून लिंक्डइनवर आपोआप जाणारी पोस्ट २०१२ मध्ये बंद झाली, त्याच वर्षी इन्स्टाग्रामचे फोटो ट्विटरवर थेट दिसायचे बंद होऊन नुसती लिंक यायला लागली, २०१८ च्या ऑगस्टमध्ये फेसबुकने बाहेरच्या ॲपना वैयक्तिक प्रोफाइलवर पोस्ट करायला मनाई केली, आणि २०२३ मध्ये ट्विटरने एपीआयला, म्हणजे बाहेरच्या ॲपना आत येण्याच्या दाराला, पैसे लावले तेव्हा कित्येक फुकट जोडण्या एका फटक्यात मेल्या. म्हणून प्रतिस्पर्ध्यांमधल्या जोडणीवर मी तरी फार भिस्त ठेवत नाही, आज चालतेय तर चालतेय.

दुसरा पर्याय शेड्युलर, म्हणजे ठरवलेल्या वेळी सगळीकडे पोस्ट टाकून देणारी सेवा, बफर वगैरे. ज्याला रोज पोस्ट टाकायची आहे, वेळ ठरवून टाकायची आहे, किंवा दोन-तीन जण मिळून अकाऊंट सांभाळतात त्यांनी हाच बघावा, इथे मी वाद घालणार नाही. रविवारी बसून आठवड्याच्या पोस्ट रांगेला लावल्या की डोक्याला ताप नाही, आणि मुख्य म्हणजे प्रत्येक ठिकाणासाठी मजकूर वेगळा करता येतो. नुसतं फेसबुक पेज आणि इन्स्टाग्रामच असेल तर मेटा (म्हणजे फेसबुकचीच कंपनी) बिझनेस सूट हेच काम फुकटात करतं, वेगळं काही घ्यायची गरज नाही. अडचण एवढीच की फेसबुकचं वैयक्तिक प्रोफाइल यात येत नाही (ते २०१८ चं प्रकरण), आणि इन्स्टाग्रामवर आपोआप पोस्ट व्हायला अकाऊंट प्रोफेशनल करावं लागतं. शिवाय मध्येच कधीतरी परवानगीची मुदत संपते, 'पुन्हा कनेक्ट करा' म्हणून मेल येतो, तो आपण उघडत नाही, आणि मग एखादं चॅनल गपचूप मुकं होऊन जातं.

आणि किल्ली तिसऱ्याच्या हातात असते हे विसरू नका. पासवर्ड देत नाही आपण, टोकन देतो, म्हणजे परवानगीची डिजिटल चिठ्ठी, ते ठीक, पण २०१३ मध्ये बफरच हॅक झालं होतं तेव्हा लोकांच्या अकाऊंटवरून स्पॅम गेला होता. त्यांनी ते लगेच निस्तरलं, तरी धडा आहेच. नुसता पासवर्ड बदलला म्हणून जोडलेलं ॲप सुटतंच असं नाही, कनेक्टेड ॲप्सच्या यादीत जाऊन हाताने काढावं लागतं. ती यादी एकदा उघडून बघाच, कधीकाळी कुठल्यातरी प्रश्नमंजुषेला दिलेली परवानगी अजून तिथे बसलेली असते.

तिसरा पर्याय हाताने. नोट्समध्ये मजकूर लिहायचा, कॉपी करायचा, प्रत्येक ठिकाणी जाऊन पेस्ट करायचा. कंटाळवाणं आहे, नाही कसं म्हणू.

आता मला खटकलं ते. आपोआप गेलेली पोस्ट दुसरीकडे दुसऱ्याचा सदरा घालून आल्यासारखी दिसते. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमध्ये लिंक क्लिक होत नाही म्हणून आपण 'लिंक बायोमध्ये' लिहितो, तेच वाक्य फेसबुकवर जातं जिथे लिंक सरळ देता आली असती, आणि लोक विचारतात कुठला बायो. इकडे टॅग केलेला माणूस तिकडे नुसता ॲट-चिन्ह लावलेला शब्द होतो. मराठीत लिहिणाऱ्यांसाठी अजून एक गंमत आहे. एक्सवर (म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवर) फुकट अकाऊंटला २८० अक्षरांची मर्यादा, त्याच धाटणीच्या ब्लूस्कायवर ३००, मॅस्टोडॉनवर साधारणपणे ५००, पण एक्स प्रत्येक वेलांटी, काना, मात्रा वेगळी मोजतं आणि ब्लूस्काय, मॅस्टोडॉन अक्षर त्याच्या काना-मात्रेसकट एक धरतात. 'किती' हा शब्द एक्सच्या हिशेबात चार, ब्लूस्कायच्या हिशेबात दोन. म्हणजे ब्लूस्कायवर ऐसपैस मावलेला परिच्छेद एक्सवर जाताना सहज अर्ध्यात तुटू शकतो, आणि तुटतो तो नेमका वेळ-ठिकाण लिहिलेल्या शेवटच्या ओळीत.

पण हे सगळं मी चालवून घेतलं असतं. नाही चालवून घेता आलं ते हे की जोडणी फक्त पोस्ट टाकताना काम करते, त्यानंतर तिला काही देणंघेणं नसतं. ग्रुपची भेटायची वेळ आदल्या रात्री पावसामुळे बदलली, मूळ पोस्ट लगेच एडिट केली, आणि दुसरीकडे गेलेली कॉपी जुनीच वेळ सांगत बसली, वर मंडळी भराभर शेअर करत होती ती नेमकी जुनीच. डिलीटचंही तेच, इकडून काढली म्हणून तिकडची जात नाही. शेड्युलरमध्ये पोस्ट रांगेत असेपर्यंत बदलता येते, एकदा गेली की सहसा त्याच्याही हातात काही राहत नाही. कोणी म्हणेल मग जाऊन हाताने बदलायचं, त्यात काय. बरोबर आहे, पण प्रत्येक ठिकाणी हातानेच जायचं असेल तर आपोआपपणाचा फायदा उरला कुठे? हाताने टाकलेली पोस्ट कुठे कुठे टाकलीय हे निदान लक्षात तरी राहतं, आपोआप गेलेली आपण विसरूनच जातो. आणि खालच्या कमेंट्सचंही तसंच, जिथे आपण स्वतः गेलोच नाही तिथे विचारलेला प्रश्न दोन दिवस तसाच पडून राहतो.

आपोआप पोस्टची रीच, म्हणजे ती किती जणांना दिसते ते, कमी होते असं बरेच जण सांगतात. मी मोजलेलं नाही, त्यामुळे ठामपणे काही बोलत नाही. हाताने टाकायला लागल्यापासून कमेंट जास्त येतात असं मला वाटतं खरं, पण ते मी तिथे हजर असतो म्हणूनही असेल.

सध्या माझं असं चाललंय की स्टोरी लिंक करून आपोआप जाऊ देतो, कारण ती २४ तासांत उडते आणि सहसा कोणी त्यातून तारीख-वेळ लिहून घेत नाही. पोस्ट मात्र हाताने, त्यातही ज्यात वेळ, पैसे किंवा फोन नंबर आहे ती तर नक्कीच. तुमच्याकडे नुसते फोटो असतील, डोंगर, मांजर, काहीही, ज्यात नंतर बदलण्यासारखं काही नाही, तर बिनधास्त लिंक करा, हा सगळा त्रास तुम्हाला होणारच नाही. दुकान किंवा संस्थेचं रोजचं काम असेल तर शेड्युलर घ्या आणि तो 'पुन्हा कनेक्ट करा'वाला मेल वाचत जा. बाकीच्यांनी महिनाभर ऑटो शेअरिंग बंद ठेवून बघायला हरकत नाही, नाही जमलं तर बटण आहे तिथेच आहे.