येऊर की ऐरोलीची खाडी? शाळेत न जाणाऱ्या लहानग्यांची फाल्गुन-चैत्रातली सहल

मार्चमध्ये बाकीची मुलं परीक्षेच्या तयारीला लागलेली असतात, तेव्हा घरी शिकणाऱ्यांची मंगळवार-बुधवारची सकाळ मोकळी असते. ठाणे-नवी मुंबईकरांनी ती सत्कारणी लावायची तर माझ्या मते खरी निवड दोन ठिकाणांतच आहे: येऊरचं जंगल आणि ऐरोलीची खाडी. आधी कुठे जायचं हे मुलांच्या वयावर आणि पंचांगावर ठरतं. हो, पंचांगावरच.

पाच वर्षांखालचं मूल बरोबर असेल तर फार विचार न करता येऊर. या वयाचं मूल चालत नाही, थांबत थांबत जातं. एका मुंग्यांच्या रांगेपाशी अर्धा तास बसलं तरी येऊरमध्ये कुणाचं काही अडत नाही. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा हा ठाण्याकडचा भाग. ठाणे स्टेशनहून परिवहनची बस जाते आणि शहर मागे पडायला फार वेळ लागत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये काटेसावर, पळस, पांगारा ही झाडं पानं टाकून फुलांवर आलेली असतात. लहान मुलांना पक्षी दाखवायचे तर याहून सोपा हंगाम नाही. पानांचा आडोसा नसतो आणि मधासाठी बुलबुल, मैना, कोतवाल, सूर्यपक्षी एकाच सावरीवर गर्दी करतात. दुर्बीण नसली तरी चालतं. (तसंही चार वर्षांच्या मुलाच्या हातात दुर्बीण दिली की ते तिच्यातून स्वतःचे बूटच बघतं.) मार्च सरताना कुसुमाच्या झाडाला लालभडक पालवी फुटते आणि मोहाची फुलं पहाटे गळतात. सकाळी लवकर पोचलात तर झाडाखाली त्यांचा सडा सापडेल.

जंगलातून काहीही घरी न्यायचं नाही, गळलेलं फूलसुद्धा नाही, हे निघण्यापूर्वीच मुलांना सांगून ठेवा, नाहीतर फाटकापाशी रडारड ठरलेली. पळसाचा रंग करायचा असेल तर फुलं गावाकडून मागवा. इथे बिबटे आहेत, म्हणून मुलं मोठ्यांच्या पुढे पळणार नाहीत एवढी शिस्त हवी आणि दुपारनंतर गेलात तर अंधार पडायच्या आत परतायला हवं. पाणी घरून न्या, स्वच्छतागृह जवळ असेल हे गृहीत धरू नका आणि सकाळी गेलात तर दहापर्यंत परतीला लागा. मार्चअखेर ठाण्यात पारा सहज पस्तिशी ओलांडतो आणि निष्पर्ण झाडांखाली सावली नसते.

ऐरोलीचं गणित वेगळं आहे. ठाणे खाडीतल्या या पट्ट्याला 2015 साली फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि 2022 मध्ये रामसर स्थळांच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या, यादीत त्याचं नाव आलं. कांदळवन विभागाच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून बोटीने रोहित पक्षी, म्हणजेच फ्लेमिंगो, बघायला नेतात. ट्रान्स-हार्बरच्या ऐरोली स्टेशनहून रिक्षाने पोचता येतं. जागा आगाऊ नोंदवावी लागते आणि बोटीची वेळ केंद्र ठरवतं. खरं तर केंद्रही नाही, भरती ठरवते. बोटीला पाणी हवं आणि रोहितांना चरायला चिखल. त्यामुळे भरती चढत असताना, चिखल पूर्ण बुडण्याआधीची वेळ साधावी लागते.

इथे पंचांग येतं. कोकणातला जुना हिशेब असा, की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. खाडीत आतवर पाणी थोडं उशिरा चढतं, पण अंदाजाला एवढं पुरतं. लहान मुलांना घेऊन जायचं तर दशमी ते त्रयोदशी बघा, शुद्ध असो वा वद्य. तेव्हा भरती साधारण साडेसात ते पावणेदहाची येते आणि बोट सकाळच्या गारव्यात निघू शकते. पंचमीला भरती दुपारी पावणेचारची, म्हणजे भर उन्हात बोट. शाळेच्या मुलांना मिळेल त्या रविवारची भरती पत्करावी लागते. तुम्हाला तिथी निवडता येते, आणि घरी शिकवण्याचा याहून रोकडा फायदा मला दिसत नाही. सात-आठ वर्षांच्या मुलीला पाऊणपटीचं गणित वहीत घालण्यापेक्षा बोटीची तारीख तिलाच काढू द्या.

बोटीत मात्र बसून राहावं लागतं. जॅकेट घालून, हात आत ठेवून, 'आई, शू' न म्हणता. सहा वर्षांवरच्या मुलांना ते जमतं आणि त्यांना मिळतंही भरपूर. रोहित चोच उलटी बुडवून खातो, त्याची चोच चहाच्या गाळणीसारखं काम करते. गुलाबी रंग खाण्यातून येतो, म्हणून लहान वयाचे पक्षी राखाडी दिसतात. थव्यातले राखाडी कोणते हे शोधायला सांगा, मुलं गप्प बसतात. घरून छापील प्रश्नपत्रिका मात्र नेऊ नका. काही पालकांना तो मोह आवरत नाही आणि मुलं मग पक्ष्यांऐवजी कागद बघतात.

कर्नाळ्याचं नावही हटकून निघतं. पनवेलच्या पुढे, मुंबई-गोवा महामार्गालगत. पायथ्याच्या वाटा छान आहेत, पण मुलांना अंगठ्यासारखा सुळका दिसला की गडावर जायचंच असतं, आणि तो चढ चिमुरड्यांचा नाही. ते थंडीसाठी ठेवा. ओवळ्याची फुलपाखरांची बाग पावसाळ्यानंतर जास्त खुलते.

एकच दिवस काढता येणार असेल आणि तो मार्चमध्ये असेल, तर येऊर. पळस-सावरीचा बहर कुणासाठी थांबत नाही, रोहित मात्र मे महिन्यापर्यंत असतात. घरात आठ वर्षांची ताई आणि तीन वर्षांचा धाकटा असं असेल, तरी ऐरोली बाद होत नाही. बाबांनी ताईला घेऊन बोटीत बसायचं आणि आईने धाकट्याला कांदळवनातल्या लाकडी वाटेवर फिरवायचं, किंवा उलट. तिथे चिखलातून वर आलेली श्वासमुळं दिसतात, उड्या मारणाऱ्या निवट्या (चिखलातले मासे) दिसतात, तिवराच्या पानावर मिठाचे कण हाताला लागतात. आणि बोटीची जागाच मिळाली नाही तर भरतीच्या वेळी नेरूळला टी. एस. चाणक्य या नौकानयन प्रशिक्षण संस्थेजवळच्या पाणथळीवर जा. खाडीतला चिखल बुडाला की रोहित विसाव्याला तिकडे येतात, आणि ते काठावरून बघायला तिकीट लागत नाही.