चरबी मोजणारा वजनकाटा: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या मार्चमध्ये वार्षिक तपासणीचा अहवाल हाती आला, तेव्हा माझे वजन ५६.४ किलो, उंची १५७ सेंटिमीटर आणि बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, ते सांगणारा आकडा) २२.९ होता. भारतीयांसाठी वजन जास्त मानण्याची सुरुवात २३ पासून होते, त्यामुळे कागदावर मी ‘नॉर्मल’ होते. मात्र त्याच कागदावर एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली रक्तातली सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ५.९ होता, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावरचा. माझे वय ४६. ‘तुला कसली काळजी, तू तर बारीकच आहेस’ हेच आजवर ऐकत आले होते. डॉक्टरांनी टेप काढून कंबर मोजली, ती ८६ सेंटिमीटर भरली (बायकांसाठी मर्यादा ८० ची आहे), आणि वजनाच्या मागे लागू नका, चरबी उतरवा आणि स्नायू वाढवा, असे स्पष्ट सांगितले. साधा वजनकाटा या दोहोंतला फरक दाखवत नाही, म्हणून एप्रिलमध्ये सुमारे १,९०० रुपयांचा, शरीरातील चरबीचे प्रमाण दाखवणारा काटा घेतला.

बारीक दिसणाऱ्या माणसाच्या अंगात चरबी जास्त असणे ही आपल्याकडे नवलाची गोष्ट नाही, हे मला तेव्हाच कळले, आणि त्याचे बरेचसे संशोधन माझ्याच गावात, पुण्यात, झाले आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधील जॉन युडकिन या दोघांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच उदाहरणे दिली होती: दोघांचाही बीएमआय २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बाळांच्या अभ्यासातही हेच दिसले की बाळांचे सरासरी वजन इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरेच कमी असले, तरी त्वचेखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. हे वाचल्यावर माझ्या अहवालातला विरोधाभास मला उलगडला आणि मनातली अपराधी भावनाही गेली.

काटा नेमके काय करतो, हे समजून घेतल्याशिवाय त्याचे आकडे वाचण्यात अर्थ नाही. त्यावर अनवाणी उभे राहिले की धातूच्या पट्ट्यांतून, आपल्याला जाणवतही नाही इतका सौम्य विद्युतप्रवाह एका पायातून वर जातो आणि ओटीपोटातून वळून दुसऱ्या पायाने परत येतो. स्नायूंत पाणी भरपूर असल्यामुळे तिथून वीज सहज जाते, चरबीतून जात नाही. काटा मोजतो तो फक्त हा अडथळा. त्यावरून वजन, उंची, वय आणि लिंग यांच्या सूत्राने चरबीचा अंदाज बांधला जातो. म्हणजे पडद्यावर ३३.१ टक्के असे दशांशासह उमटले, तरी ते मोजलेले माप नसून गणिताने काढलेला अंदाज आहे, आणि ज्या पोटाच्या चरबीची मला चिंता होती, तिचा बहुतांश भाग त्या प्रवाहाच्या वाटेवर येतच नाही.

पहिले दोन आठवडे माझ्या चुका निस्तरण्यात गेले. ॲपमध्ये उंची १६० भरली गेली होती. ती १५७ केल्याबरोबर चरबी दीड टक्क्याने वाढली, तेही मी जागची हलले नसताना. स्वयंपाकघरातली शहाबादी फरशी जराशी उंचसखल आहे, तिथे वजनच अर्धा किलो इकडेतिकडे होत असे. काटा बाहेरच्या खोलीतल्या सपाट टाइलवर नेला तेव्हा ते थांबले. रात्री भेगाळलेल्या टाचांना खोबरेल तेल लावून झोपले की सकाळी आकडा बिघडलेला असे, किंवा काटा वाचतच नसे. शेवटी ठरले ते असे: सकाळी उठून शौचाला जाऊन आल्यावर, पाणी किंवा चहा घेण्याआधी, ओल्या फडक्याने पावले पुसून उभे राहायचे, आणि रोजचा आकडा न पाहता आठवड्याची सरासरी तेवढी वहीत लिहायची.

हे ठरवूनही सप्टेंबरमध्ये मी फसलेच. हरितालिकेचा उपवास मी निर्जळी करते. दुसऱ्या दिवशी सकाळी काट्यावर उभी राहिले, तर वजन ९०० ग्रॅमने उतरलेले आणि चरबी मात्र १.६ टक्क्यांनी चढलेली. दिवसभर काहीही न खाता चरबी वाढते कशी, या विचाराने मी इतकी अस्वस्थ झाले की पुढचे चार दिवस, ऐन गणपतीत, रात्रीची भाकरी बंद केली आणि व्यायामशाळेत हात थरथरू लागले. खरे कारण साधे होते. अंगातले पाणी कमी झाले, विजेला अडथळा वाढला आणि काट्याने त्याचा अर्थ चरबी असा लावला. पाणी व्यवस्थित प्यायल्यावर तीन दिवसांत आकडा जागेवर आला. मासिक पाळीच्या आधी अंगात पाणी साठते तेव्हाही असाच गोंधळ होतो, म्हणून बायकांनी या महिन्याची तुलना मागच्या महिन्यातल्या त्याच दिवसांशी करावी, असे मी मनापासून सांगेन.

काट्यावर किती भिस्त ठेवावी हे तपासण्यासाठी मी दोनदा डेक्सा स्कॅन केले. हाडांची घनता पाहण्यासाठी जे यंत्र वापरतात तेच हे, पण केंद्रात जाऊन नुसते ‘डेक्सा’ म्हटले तर खुबा आणि मणक्याचीच तपासणी करतात. संपूर्ण शरीरातील चरबी आणि स्नायूंचा अहवाल हवा, असे आधी फोनवर विचारून घ्यावे लागते. मला एका वेळचे साडेतीन हजार रुपये पडले. एप्रिलमध्ये काटा ३३.१ टक्के सांगत होता तेव्हा डेक्साने ३७.८ टक्के दाखवले. नोव्हेंबरमध्ये काटा ३१.२ आणि डेक्सा ३५.१. म्हणजे माझ्या काट्याचा आकडा खऱ्याच्या चार-पाच टक्के खालीच राहतो, मात्र उतार त्याने बरोबर ओळखला, जरी तो थोडा कमी दाखवला तरी. एवढ्यासाठीच तो मला उपयोगी वाटतो.

त्या सात महिन्यांत माझे वजन ५६.४ वरून ५५.६ वर आले, म्हणजे उणेपुरे ८०० ग्रॅम. साध्या काट्यावर विसंबले असते तर जुलैतच सगळे सोडून दिले असते. डेक्साच्या अहवालात मात्र चरबी १.८ किलोने कमी झालेली आणि चरबीविरहित वजन एक किलोने वाढलेले होते. तो कागद मी केंद्राच्या जिन्यात उभी राहून दोनदा वाचला. कंबर ८१.५ वर आली. एचबीए१सी ५.६ झाला, पण त्याचे श्रेय काट्याला देणार नाही; ते आठवड्यातून तीन दिवसांच्या वजनांच्या व्यायामाचे आणि ताटातल्या बदलाचे आहे. आहारातली प्रथिने मोजायला बसले तेव्हा दिवसाला जेमतेम ३५ ग्रॅम भरली होती, आणि आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) शिफारशीप्रमाणे किलोमागे ०.८३ ग्रॅम धरली तरी मला ४६-४७ ग्रॅम हवी होती. पोहे-उपम्याच्या जागी मुगाचे धिरडे किंवा दोन अंडी, दुपारी वाटीभर उसळ आणि दही, रात्री पिठले किंवा पनीर, एवढ्याने ती भरून निघाली.

ॲपमधले बाकीचे आकडे मी पाहणे सोडले आहे. ‘शरीराचे वय’ म्हणून मला पहिल्या दिवशी ५४ दाखवले गेले आणि त्याने आठवडाभर मन खट्टू झाले. हाडांचे वजन आणि अवयवांभोवतीची चरबी हेदेखील सूत्रातूनच काढलेले अंदाज आहेत. ॲपमधून नोंदी बाहेर काढता येत नाहीत ही माझी खरी तक्रार आहे, आणि त्यामुळे वही काही सुटली नाही. पोटासाठी तर शिंप्याची टेपच जास्त भरवशाची: शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर, श्वास सोडल्यावर, दर रविवारी.

एक गोष्ट खोक्यावर बारीक अक्षरांत छापलेली असते आणि घरातल्या सगळ्यांना सांगणे भाग आहे. पेसमेकर बसवलेल्या माणसाने या काट्यावर उभे राहू नये, आणि गरोदर बाईनेही टाळावे. माझ्या सासूबाईंना पेसमेकर आहे आणि सून रोज उभी राहते ते पाहून त्याही एकदा चपला काढून पुढे झाल्या होत्या. तेव्हापासून हा काटा मापून झाल्यावर कपाटात जातो आणि त्यांच्यासाठी आमचा जुना स्प्रिंगचा काटा बाहेर असतो.