क्रोनो ट्रिगर: पंधरा वर्षांनी, त्याच डीएस लाइटवर

मार्च २०२४ मध्ये जपानी चित्रकार अकिरा तोरियामा गेल्याची बातमी आली, तेव्हा आमच्या बियाण्याच्या दुकानात शुकशुकाट होता. रब्बीचा माल निघत होता आणि कपाशीची पाकिटं यायला अजून दोन महिने होते. बहुतेकांना तोरियामा ठाऊक आहेत ते ‘ड्रॅगन बॉल’मुळे, मला ‘क्रोनो ट्रिगर’ या व्हिडिओ गेममुळे. त्या खेळातली माणसं त्यांच्या हातची. शापाने बेडूक झालेला तो तलवारबहाद्दरसुद्धा. दुकान बंद करून घरी आलो, माळ्यावरची ट्रंक खाली घेतली आणि जुन्या टॉवेलात गुंडाळलेला पांढरा डीएस लाइट, म्हणजे हातात धरून खेळायचं निन्टेंडोचं दोन पडद्यांचं यंत्र, काढला. खेळाचं कार्ड आतच होतं. चार्जरला लावला तर केशरी दिवा लागला. खेळ सुरू केला तर २००९ ची माझी सेव्हही (साठवलेला डाव) शाबूत होती, ३१ तासांवर थांबलेली.

मी हा खेळ तेव्हा पूर्ण केला नव्हता. एका ठिकाणी बंद केला तो कायमचाच. का, ते पुढे येईलच. या वेळी जुनी सेव्ह तशीच ठेवून पहिल्यापासून सुरुवात केली. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास पोहोचेपर्यंत शेवटाच्या जवळ आलो होतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. खेळ मूळ १९९५ चा, जपानच्या स्क्वेअर कंपनीने निन्टेंडोच्या सुपर फॅमिकॉम या यंत्रासाठी केलेला. ‘फायनल फॅन्टसी’वाले हिरोनोबू साकागुची आणि ‘ड्रॅगन क्वेस्ट’वाले युजी होरी ही तेव्हाची दोन प्रतिस्पर्धी घराणी. ते दोघे यात एकत्र बसले आणि चित्रांना तोरियामा आले. डीएसवर तो २००८ च्या शेवटी आला. मावसभाऊ दुबईला होता, २००९ मध्ये सुटीवर येताना त्याने यंत्र आणि कार्ड दोन्ही आणलं. मी तेव्हा धुळ्याला बीएस्सी ॲग्रीला होतो. होस्टेलच्या खोलीत एका मांडीवर डिक्शनरी आणि दुसऱ्या मांडीवर डीएस, असा मी तो खेळलो.

सुरुवात इसवी सन १००० मध्ये होते. आई पोराला हाक मारून उठवते, बाहेर घंटा वाजत असते, गावात जत्रा भरलेली असते. बस, एवढंच. अमळनेरच्या माणसाला यापुढे काही सांगावं लागत नाही. वैशाखात बोरीच्या कोरड्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरते, पाळणे लागतात, भोंगे सुरू होतात, आणि आपण घरून निघालेलो असतो ते फक्त हिंडायला. त्या जत्रेतही पोरगा, क्रोनो, असाच हिंडतो. मार्ल नावाच्या मुलीशी धडक होते, तिच्या गळ्यातलं लॉकेट खाली पडतं. एका लहान मुलीचं मांजर हरवलेलं असतं. एका टेबलावर कुणाचा तरी जेवणाचा डबा असतो आणि तो खाल्ला तर अंगात ताकद येते. खेळणारा माणूस दिसेल ते उचलतो, कारण असल्या खेळांनी आपल्याला तेच शिकवलेलं असतं.

मग पोराला राजाच्या न्यायालयात उभं करतात, राजकन्येला पळवल्याच्या आरोपावरून. जत्रेतली मार्ल हीच ती राजकन्या. आणि तिथे जत्रेतली एकेक गोष्ट बाहेर निघते. धडक झाल्यावर आधी मुलीची विचारपूस केलीस की आधी लॉकेट उचललंस? म्हाताऱ्याचा डबा तू खाल्लास ना? मांजर मात्र तू परत नेऊन दिलंस. विसाव्या वर्षी मी डबा खाल्ला होता आणि साक्षीला म्हातारा उभा राहिला तेव्हा खोलीत एकटा असूनही मान खाली गेली होती. या वेळी डब्याला हात लावला नाही आणि मांजर घरी पोहोचवलं. निर्दोष ठरलो. तरी तुरुंग चुकत नाही, प्रधान काय करायचं ते करतोच. पण गंमत शिक्षेत नाहीच. कुणी बघत नसताना केलेल्या बारीकसारीक गोष्टी या खेळाच्या वहीत टिपल्या जातात, हे एकदा कळलं की पुढचा सगळा खेळ आपण वेगळ्या पावलांनी चालतो.

हा खेळ काळात मागेपुढे फिरण्याचा आहे, आणि मनात राहिलेली दुसरी जागा सन २३०० ची. जग उद्ध्वस्त झालेलं, उरलेली माणसं घुमटाखाली जगताहेत. १९९९ मध्ये जमिनीच्या पोटातून लाव्होस नावाचा राक्षस वर आला आणि सगळं जाळून गेला. घुमटात एक यंत्र आहे, त्यात माणूस थोडा वेळ उभा राहिला की थकवा जातो. पण पडद्यावर ओळ येते की भूक मात्र तशीच आहे. रविवारी रात्री मेस बंद असायची, तेव्हा ही ओळ वाचलेली आजही आठवते. ही माणसं धान्याच्या कोठाराच्या आशेवर असतात, आपण खाली उतरून बघतो तर सगळं सडलेलं. एक माणूस तिथेच मरून पडलेला, आणि त्याच्यापाशी एक बी. ते बी मार्ल वर आणून त्या लोकांच्या हाती देते.

विसाव्या वर्षी मी हे झरकन पुढे ढकललं होतं. आता दिवसभर बियाणंच विकतो, त्यामुळे थांबलो. सगळं कोठार सडलेल्या जागेत एक बी धड राहतं, म्हणजे त्या माणसाने ते ओलीपासून जपलं असणार. आमच्याकडे गोणी भिंतीला टेकवून ठेवली आणि ओल लागली तरी उगवण जाते. मरायला टेकलेल्या माणसाने पोटात न घालता ठेवलेलं बी म्हणजे काय, हे ज्याने दुष्काळी साल बघितलंय त्याला सांगायला नको. खेळ यावर भाषण देत नाही. एक मुलगी दोन वाक्यं बोलते आणि आपण पुढे निघतो.

आता यंत्राबद्दल. उन्हाळ्यात इथे पारा ४४-४५ वर जातो, रात्री सगळे गच्चीवर झोपतात. मी सगळा खेळ तिथेच, खाटेवर पडून खेळलो. दिवसा उन्हात डीएस लाइटचा पडदा दिसत नाही, प्रयत्नही करू नका. अंधारात मात्र सगळ्यात कमी उजेडावर ठेवला तरी पुरतो आणि शेजारच्याची झोप मोडत नाही. दोन पडद्यांचा उपयोग या खेळाने नीट केलाय. लढाईतली यादी खालच्या पडद्यावर जाते, त्यामुळे वरचं चित्र मोकळं राहतं. इतर वेळी खाली नकाशा असतो. मोकळं चित्र इथे कामाचं आहे, कारण शत्रू कुठे उभे आहेत त्याला महत्त्व आहे. क्रोनोचा गरगर फिरून मारायचा वार आसपासच्यांना लागतो. म्हणून शत्रू एकमेकांजवळ येईपर्यंत दम धरायचा. दोघांचे वार जोडून एक करता येतो, तिघांचेही. शत्रू बहुतेक आधीच समोर दिसतात, चालता चालता अचानक पडदा फुटून लढाई सुरू होत नाही. तीस वर्षांपूर्वीचा खेळ असून यात घोळ घालणारं फार थोडं आहे. आणि झाकण मिटलं की खेळ होता तिथे थांबतो. गिऱ्हाईक आलं, वीज गेली, आईने पाण्याची मोटर लावायला हाक मारली, काही अडत नाही.

हेडफोन लावूनच खेळा. संगीत यासुनोरी मित्सुदा यांचं. करता करता त्यांची तब्येत ढासळली आणि उरलेलं नोबुओ उएमात्सु यांनी पुरं केलं. सन ६०० मध्ये पहिल्यांदा मोकळ्या रानात आलं की जी चाल लागते, ती ऐकत मी नुसता उभा राहिलो आहे, पुढे न जाता.

न आवडलेलंही सांगतो. डीएससाठी जोडलेला ‘लॉस्ट सँक्टम’ हा भाग निव्वळ खेटे घालायला लावतो. हे आण, ते दे, डोंगर चढ, पुन्हा उतर. मी दोन संध्याकाळी घालवल्या आणि सोडून दिला, तुम्ही सुरूच करू नका. राक्षस पाळून झुंजवायचं मैदानही तसंच, त्यात जीव नाही. २३०० मधल्या मोटारसायकलच्या शर्यतीचंही मला कधी कौतुक वाटलं नाही.

यंत्राची अडचण एकच निघाली, पण ती नेमकी वर्मी लागली. डावीकडचं वरचं एल बटण दहादा दाबलं तर दोनदा लागायचं. डीएस लाइटची ही बटणं धुळीने जातात, आणि आमच्याकडे धुळीला काय तोटा. लढाईतून पळायला एल आणि आर एकत्र दाबून धरावे लागतात. मी ठरवलं, पळायचंच नाही. तसा अर्धा खेळ झाला. मग आठवलं की पुढे जंगलाचा प्रसंग आहे.

वाळवंट झालेल्या जमिनीवर जंगल उभं करायला सोबतचा यंत्रमानव रोबो मागे थांबतो आणि बाकीचे ४०० वर्षं पुढे जाऊन त्याला घेतात. त्यांच्यासाठी तो एका उडीचा प्रवास, त्याच्यासाठी ४०० वर्षांची मशागत. त्या रात्री शेकोटीभोवती सगळे झोपतात, क्रोनोची मैत्रीण लुका एकटी उठते आणि तिच्या लहानपणातल्या एका दिवशी जाऊन पोहोचते. तिच्या आईचा झगा यंत्रात अडकतो. यंत्र थांबवायचा शब्द म्हणजे आईचं नाव, लारा. तो बटणांनी द्यायचा असतो, एल, ए, आर, ए, आणि वेळ फार थोडा असतो. चुकलं की आईचे पाय जातात.

१९९९ साली मी दहा वर्षांचा होतो, मारवडला आत्याकडे गेलो होतो. दादर ज्वारीची मळणी चालू होती. आत्याचा पदर यंत्रात गेला, तो सोडवायला तिने उजवा हात घातला. मी गोणी धरून चार पावलांवर उभा होतो. ट्रॅक्टर बंद करायला कुठे हात घालायचा ते मला ठाऊक नव्हतं. तिची तीन बोटं गेली. होस्टेलवर त्या प्रसंगात तिथली चिठ्ठी वाचायचं सुचलं नाही, नुसता इकडेतिकडे पळालो, आणि लुकाची आई किंचाळली. मी झाकण मिटलं. शब्द कोणता होता ते नंतर वर्गमित्राने सांगितलं, पण पुन्हा उघडला नाही.

म्हणून या वेळी जंगलाच्या आधी सेव्ह करून थांबलो आणि आधी बटण दुरुस्त करायला घेतलं. जळगावच्या एका दुकानाने तीन आठवडे ठेवून न उघडताच परत केला, तपासणीचे पैसे मात्र घेतले. डीएस लाइटला एक तीन पाकळ्यांचा स्क्रू असतो, त्याचा पेचकस त्यांच्याकडे नव्हता. मी तो मागवला, बटणाखालचा चिमुकला स्विच स्प्रेने साफ केला, जोडला, शंभर वेळा दाबून बघितला. जुना डीएस घेणार असाल तर घेताना वरची दोन्ही बटणं आणि बिजागरी आधी तपासा, बिजागरीलाही तडा जातो. फोनवर आणि कॉम्प्युटरवरही हा खेळ मिळतो, पण माझा कौल बोटांखाली खरी बटणं असण्याला आहे.

आखाजीला आत्या माहेरी आली होती. रात्री गच्चीवर मी तो प्रसंग खेळलो. एल, ए, आर, ए. यंत्र थांबलं. सकाळी लुका घरी गेली तर आई घरात चालत होती. आत्या शेजारच्या खाटेवर जागीच होती.

“हाई काय शे रे बापू?”

मी सांगितलं, सगळं. ती दोन्ही पडद्यांकडे बघत राहिली.

“ती पोर बटन दाबस का येळवर?”

“दाबस.”

“दाखाड बरं.”

ते पुन्हा बघायचं तर जंगलाच्या आधीच्या सेव्हपासून सुरू करावं लागतं, मग शेकोटी, मग सगळ्यांचं बोलणं. बराच वेळ जातो. मी सेव्ह उघडली. आत्या उठून माझ्या खाटेवर येऊन बसली.