फिक्स क्लॉक की कर्व्ह? ओव्हरक्लॉक केलेलं मशीन मधेच हँग होत असेल तर

एएमडीचा आठ कोरचा (आठ गणकांचा) प्रोसेसर रायझेन ५८००एक्स ओव्हरक्लॉक करायचे, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवायचे, दोन रस्ते मी वापरून पाहिलेत. पहिला जुना, फिक्स क्लॉक: सगळ्या कोरना एकच क्लॉक (वेग) आणि एकच व्होल्टेज, दोन्ही बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, हाताने टाकलेले. दुसरा नवा: पीबीओ (चिपला स्वतःच वेग वाढवू देणारं एएमडीचं सेटिंग) चालू करायचा आणि त्यातल्या कर्व्ह ऑप्टिमायझरने प्रत्येक कोरचं व्होल्टेज थोडं थोडं खाली ओढायचं. मशीन मधेच हँग होतंय, आता यातलं काय ठेवू, असं सांगली-मिरजेतल्या तीन-चार एडिटर मित्रांनी विचारलं, म्हणून हे लिहितोय. माझं काम लग्नाच्या फिल्म आणि अल्बमचं. विश्रामबागेत वरच्या मजल्यावर खोली, डोक्यावर थेट स्लॅब. मशीन मुख्यतः गेमसाठी असेल तर माझा हिशेब तुम्हाला तंतोतंत लागू पडणार नाही, हे आधीच सांगतो.

दोष ओव्हरक्लॉकचाच आहे ना, एवढी खात्री पहिल्यांदा करून घ्या. हँग झालं की कीबोर्डवरचं नम लॉक दाबा. दिवा चालू-बंद होत असेल तर विंडोज आतून जिवंत आहे. मग एसएसडी, ग्राफिक्सचा ड्रायव्हर, एखादी दमलेली हार्ड डिस्क यांच्याकडे वळा. दिवा जसाच्या तसा राहिला तर प्रोसेसर, रॅम किंवा त्यांना मिळणारं व्होल्टेज. संध्याकाळी लाइट डिप होते त्याची गोष्ट वेगळी: वीज कमी पडली की मशीन सहसा बंद पडतं नाहीतर रीस्टार्ट होतं, चित्र स्क्रीनवर ठेवून गोठून बसत नाही. हे कळेपर्यंत माझा महिनाभर यूपीएसवर संशय होता.

रॅमचंही आधी मिटवून टाका. एक्सएमपी, म्हणजे रॅमला जास्त वेगावर नेणारं तयार प्रोफाइल, हाही ओव्हरक्लॉकच आहे, हे पुष्कळ जण धरत नाहीत. या प्रोसेसरला डीडीआर४ रॅम ३२०० च्या वेगाने अधिकृतपणे चालते ती दोन स्टिकवर. चार ड्युअल रँक (चिपचे दोन गट असलेल्या, सहसा मोठ्या क्षमतेच्या) स्टिक बसवल्या की अधिकृत आकडा २६६६ वर येतो. आपण एडिटिंगवाले चारही खाचा भरतो आणि वर ३६०० लावतो. प्रोसेसर पूर्ण डिफॉल्टला न्या, एक्सएमपी तसाच ठेवा आणि रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६ चे चार पास (फेऱ्या) होऊ द्या. तेही दुपारी तीनला. रात्री एसी लावून केलेली टेस्ट एप्रिलच्या दुपारची हमी देत नाही. माझ्याकडे तिथे काही निघालं नाही, तरी मी ३२०० वरच थांबलो.

(इंटेलचा १३व्या-१४व्या पिढीचा आय७ किंवा आय९ असेल तर यातलं काहीही करण्याआधी बायोस अपडेट करा. त्या चिपना जास्त व्होल्टेज जाऊन त्या झिजत होत्या, कंपनीने ते मान्य करून वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली आणि ऑगस्ट २०२४ पासून त्यावरचे मायक्रोकोड (बायोसमधून येणारी चिपची दुरुस्ती) दिले. अपडेट झिजलेली चिप परत आणत नाही, म्हणून घाई करा.)

आता कर्व्ह. त्याचे गुण खरेच मोठे आहेत. त्यातली एक पायरी, म्हणजे एक काउंट, साधारण ३ ते ५ मिलिव्होल्टची, आणि उणे ३० पर्यंत उतरता येतं. व्होल्टेज कमी झाल्यामुळे जी मोकळीक मिळते ती चिप स्वतःच क्लॉक वाढवायला वापरते. हलकं काम असलं की एखादा कोर ४.८ गिगाहर्ट्झच्या आसपास जातो. लाइटरूममध्ये हजारभर फोटो चाळताना, फोटोशॉपमध्ये मोठा ब्रश फिरवताना हा फरक हाताला कळतो. गरम झालं की चिप आपली आपण मागे सरते. कागदावर दोन्हींची तुलना केली तर कर्व्ह जिंकतो, आणि मीही पहिल्यांदा तोच निवडला होता.

पण कर्व्हवर माझं मशीन लोडखाली कधी अडकलं नाही. अडकायचं ते काही काम नसताना. कारण समजायला अवघड नाही. सगळे कोर रेंडरला जुंपले की क्लॉक खाली राहतो आणि तिथे व्होल्टेज पुरतं. एखादाच कोर क्षणभर जागा होऊन एकदम वरच्या क्लॉकवर उडी मारतो, तेव्हा आपण कापलेलं व्होल्टेज तोकडं पडतं. त्यामुळे रात्रभर एक्स्पोर्ट बिनबोभाट होतो आणि सकाळी चहाचा कप टेबलावर ठेवून ईमेल उघडला की सगळं गपगार.

गेल्या फेब्रुवारीत माधवनगरचं एक कुटुंब अल्बमसाठी फोटो निवडायला आलं होतं. हळदीचे संपवून आम्ही अक्षतांवर आलो होतो. नवरीच्या मावशींनी स्क्रीनवर बोट ठेवलं, "हा घ्या, हा." मी माउस नेला आणि बाण मुंडावळीच्या टोकावर थांबला तो थांबलाच. मागे हळू आवाजात लावलेल्या सनईचा एक तुकडा स्पीकरमधून टर्रर्र करत राहिला. नम लॉकचा हिरवा दिवा ढिम्म.

"काय ओ दादा, अडकलं का?"

"हो मावशी, दोन मिनिटं द्या."

रीसेट दाबलं. निवडलेल्या फोटोंपैकी शेवटचे वीस-पंचवीस मार्क राहिलेच नव्हते. त्या बाईंनी न कुरकुरता पुन्हा पहिल्यापासून सगळे फोटो पाहिले, आणि मला ते जास्त लागलं. आदल्याच रात्री याच मशीनने ४० मिनिटांची फिल्म एकदाही न थांबता काढून दिली होती.

त्यानंतर सहा आठवडे मी कर्व्हच्या मागे लागलो. विंडोजच्या नोंदवहीत, इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, कर्नल-पॉवर ४१ दिसतो, त्याने काही कळत नाही. मशीन नीट बंद झालं नव्हतं एवढंच तो सांगतो. उपयोगाचा तो हार्डवेअरच्या चुका नोंदवणाऱ्या डब्ल्यूएचईए-लॉगरचा इव्हेंट १८. त्यात 'कॅश हायरार्की एरर' आणि प्रोसेसरचा एपिक आयडी, म्हणजे चूक झालेल्या थ्रेडचा क्रमांक, लिहिलेला असतो. या चिपवर एका कोरचे दोन थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे), म्हणून आयडीला दोनने भागायचं: आयडी ६ असेल तर शून्यापासून मोजून कोर ३. माझा कोर ३ उणे २५ वर होता, तो उणे १५ वर आणला. आठ दिवस शांतता. नवव्या दिवशी पुन्हा हँग, आणि या वेळी लॉगमध्ये १८ नाहीच, नुसता ४१. पूर्ण गोठलेलं मशीन बऱ्याचदा काही लिहून ठेवण्याइतकंही शुद्धीवर नसतं. एएमडीचं रायझेन मास्टर हे सॉफ्टवेअर ज्या कोरवर चांदणी दाखवतं तो सर्वांत चांगला कोर, आणि नेमकी त्यालाच कमी कपात सोसते, कारण तो आधीच कमी व्होल्टेजवर सर्वांत वर धावत असतो. म्हणून त्याला उणे ५ वर आणलं. कोअरसायक्लर एकेक कोर वेगळा तपासतो. तो दोन रात्री चालवला, एकही चूक नाही. तिसऱ्या दिवशी साडेअकराला, एका गिऱ्हाइकाला कोटेशन टाइप करताना हँग. बायोसमध्ये 'पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल' हे 'टिपिकल करंट आयडल' वर ठेवलं. त्याने खरंच फरक पडला, आठवड्याचं प्रमाण पंधरवड्यावर गेलं. कर्व्ह ठेवायचाच असेल तर हे सेटिंग विसरू नका.

माझ्या डोक्यात जे बसलं ते एवढंच: हा दोष बोलावून येत नाही. एक आकडा बदलला आणि आठ दिवस काही झालं नाही, तर दुरुस्त झालं की नुसतं टळलं, हे ठरवायचं कशावर? प्रत्येक बदलाला पंधरा दिवस थांबायचं, आठ कोर, आणि मधे लग्नाच्या तारखा. ज्याच्याकडे वेळ आहे त्याने हे जरूर करावं. नीट बसलेला कर्व्ह फार छान चालतो, असे मित्र माझ्याच ओळखीत आहेत.

फिक्स क्लॉकचा दोष माझ्याकडे बोलावला की आला. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दुपारी दोनला, पंखा बंद करून बसलो. ४.६ गिगाहर्ट्झ, १.३ व्होल्ट, प्रोसेसरवर पूर्ण लोड टाकून चुका शोधणारं ओसीसीटी चालू. बाराव्या मिनिटाला तापमान ९० च्या वर आणि मशीन हँग. ४.५ ला १.२५: चाळीस मिनिटं टिकलं, मग चूक दाखवली. ४.४ ला १.२: दोन तास काही नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन तास, तरी काही नाही. तिथेच थांबलो. त्या खोलीत मे महिन्यात बाहेर ३९-४० अंश असताना याच आकड्यांवर काम केलं आणि नम लॉक दाबून बघायची वेळ आली नाही.

तापमानाचंही सांगतो, कारण फिक्स म्हणजे गरम असा समज आहे. ही चिप डिफॉल्टला १४२ वॅटपर्यंत ओढते आणि तिची कमाल ९० अंश धरलेली आहे. तोच कूलर असताना डिफॉल्टवर रेंडरला मला ८५ च्या पुढे दिसायचं, ४.४ आणि १.२ वर ते ७८-७९ ला थांबतं.

तोटा आहेच. लाइटरूम पहिल्याइतकं चपळ राहिलं नाही. प्रोजेक्ट उघडायला दोन श्वास जास्त लागतात. एक्स्पोर्टमध्ये मला दोन-तीन मिनिटांच्या पलीकडे फरक दिसला नाही, तोही कधी इकडे, कधी तिकडे. आणखी एक गंभीर गोष्ट: हाताने क्लॉक बांधला की चिप उन्हाळा बघून स्वतः मागे सरत नाही. म्हणून डिसेंबरात ठरवलेले आकडे मे महिन्यावर सोडू नका. टेस्ट दुपारचीच धरा, लोड लाइन कॅलिब्रेशन (लोड आल्यावर व्होल्टेज किती घसरू द्यायचं ते सेटिंग) मधल्या पायरीवर ठेवा, आणि सतत रेंडरचं मशीन असेल तर १.३ च्या वर मी तरी जाणार नाही, चिप हळूहळू झिजते. तुमच्या चिपला १.२ पुरेलच असंही नाही, १.२२५ लागलं तर ४.३५ वर उतरायला कचरू नका.

रोज समोर गिऱ्हाईक बसत असेल तर फिक्सकडे बघा, असं मी सुचवेन. एकट्याने, रात्री, स्वतःच्या वेळात काम करणाऱ्याला कर्व्हचा चपळपणा जास्त मोलाचा वाटू शकतो आणि त्याचंही बरोबर असेल.

माझ्या बायोसमध्ये दोन्ही प्रोफाइल जपून ठेवलेत. आषाढी झाली आणि मुहूर्त थांबले की कर्व्ह लोड करतो, एका वेळी एकच कोर घेतो आणि तारखेसह आकडे डायरीत लिहितो. आतापर्यंत तीन कोरचे आकडे पक्के झालेत. तुळशीचं लग्न लागलं की परत फिक्स.