वेताळ टेकडी: फुकट आहे, भारी आहे, फक्त एप्रिलमध्ये हिरवळ शोधू नका

पुण्यात नवीन ॲडमिशन घेतलेल्या पोरापोरींसाठी लिहितेय, कारण दरवर्षी कॉलेज सुरू झालं की ग्रुपवर हमखास तोच प्रश्न येतो, शांत, हिरवी आणि फुकट जागा सांगा. कॅफेत बसायचं तर एका कॉफीत मेसचं जेवण जातं, सारसबागेत रविवारी पाय ठेवायला जागा नसते, एम्प्रेस गार्डन सुंदर आहे पण तिकीट आहे आणि आपल्या डेक्कन-कोथरूडवाल्यांना लांब पडतं. उरली वेताळ टेकडी, कोणी तिला एआरएआयची टेकडी म्हणतं, कोणी लॉ कॉलेजची, सगळं एकच.

शहरातला हा सगळ्यात उंच पॉइंट, समुद्रसपाटीपासून साधारण 800 मीटर, पण घाबरू नका, पुणंच मुळात उंचावर आहे त्यामुळे प्रत्यक्ष चढ दोनेकशे मीटरचाच. लॉ कॉलेज रोड, गोखलेनगर, चतुःशृंगी, पाषाणची पंचवटी, कोथरूड, कुठूनही चढता येतं. पहिल्यांदा जाणार असाल तर लॉ कॉलेजच्या बाजूने जा, दम लागतो पण झाडी चांगली आहे. वर वेताळबाबाचं देऊळ आहे, जुनी दगडाची खाण आहे, खाणीत पाणी साठतं. सकाळी सहा-साडेसहाला आजी-आजोबांचे ग्रुप जोरजोरात हसत असतात, त्यांना ओलांडून थोडं पुढे गेलात की मोराचा आवाज येतो, सातभाईंचा कलकलाट असतो आणि तुम्ही असता. मी परीक्षेच्या आधी नोट्स घेऊन जायचे, वर रेंज धड मिळत नाही हा माझ्या मते फायदाच.

आता मुख्य मुद्दा. ऑनलाइन बऱ्याच जणांनी एक-दोन स्टार दिलेत, का तर म्हणे एप्रिलमध्ये गेलो आणि सगळं वाळलेलं, झाडं मेलेली. अरे बाबांनो, मेलेली नाहीत ती! मी बीडकडची, बालाघाटाच्या डोंगरात वाढलेय, उन्हाळ्यात डोंगर तपकिरी दिसणं म्हणजे काय हे मला कोणी शिकवायला नको. टेकडी मुळात गवताची आणि पानगळीच्या झाडांची. सालई बघा कधीतरी जवळून, उन्हाळ्यात एक पान नसतं अंगावर, पण खोडाची साल कागदासारखी पातळ पातळ सुटत असते, उन्हाकडे धरली तर आरपार उजेड दिसतो, आणि जिथे डिंक पाझरलाय तिथे नाक नेलं तर धुपाचा वास येतो. मेडशिंगी आहे, तिच्या शेंगा मेंढ्याच्या शिंगासारख्या वळलेल्या, नाव तिथूनच आलंय. पाऊस पडून गेला की जुलै-ऑगस्टमध्ये कळलावी फुलते, लाल-पिवळी, बघायची पण तोडायची नाही, विषारी आहे.

आणि उलट गंमत अशी की लोकांना जी हिरवाई आवडते ना, पावसाळ्यात फोटोत दाट दिसते ती, त्यातला मोठा भाग गिरिपुष्पाचा आहे. मूळचं मध्य अमेरिकेतलं झाड, पटापट वाढतं म्हणून मागे कधीतरी सरसकट लावून टाकलं, फेब्रुवारीच्या सुमारास गुलाबी फुलतं तेव्हा रील्सवाल्यांची चंगळ असते. दिसतं छान, नाही कोण म्हणतंय, पण दाट लावलंय तिथे खाली गवत धड येत नाही आणि पक्षीही मला तिथे कमीच दिसतात.

म्हणून एनएसएसवाल्यांना, म्हणजे कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेतल्या पोरांना, हात जोडून विनंती. दोन वर्षांत समाजसेवेचे 240 तास भरायचे असतात हे मान्य, पण जुलैत बॅनर धरून चांगल्या गवतात खड्डे पाडायचे, रोप लावायचं, फोटो काढायचा आणि मार्चमध्ये त्याला पाणी घालायला कोणी नाही, हा प्रकार बंद करा ना राव. तास भरायचेच असतील तर बाटल्या वेचा, घाणेरीची (लँटानाची) झुडपं उपटा, उन्हाळ्याआधी जाळरेषा, म्हणजे वणवा पसरू नये म्हणून गवत काढलेले मोकळे पट्टे, काढायच्या असतात तिथे मदतीला जा. वाळलेल्या गवतात एक सिगरेट पडली तरी अख्खा उतार पेटतो, आणि लावलेल्या रोपांच्या आधी आपोआप उगवलेली सालईची पोरं जळतात.

स्टार कापायचं कारण टेकडी नाही, येणारी माणसं. खाणीच्या आसपास गवतात बिअरच्या बाटल्यांच्या काचा आहेत, चप्पल घालून अजिबात जाऊ नका. चिप्सची पाकिटं, वाढदिवसाचे फुगे, केकचे पुठ्ठे, सगळं कॉलेजवाल्यांचंच असतं, उगाच दुसऱ्यावर ढकलू नका. वर आणलं तसं खाली न्यायला काय होतं?

काळोख पडायच्या आत उतरा, लुटमारीच्या बातम्या अधूनमधून येतात, मुलींनी आणि खरं तर मुलांनीही एकट्याने आडवाटेला शिरू नये. संडासाची सोय वर मला तरी कुठे दिसली नाही, निघतानाच बघून निघा. पाणी घरून न्या, स्टीलची बाटली असेल तर उत्तम, लिटरभर तरी हवं. खाली उतरल्यावर पोहे-चहा मिळतो, आपला कप किंवा डबा पुढे केला की टपरीवाले काका कागदी कप देत नाहीत, आता तर ओळखीनेच हात पुढे करतात.

बालभारती ते पौड फाटा रस्ता टेकडीवरून न्यायचा विषय कित्येक वर्षं चाललाय, 2023 च्या एप्रिलमध्ये त्याविरुद्ध मोठा मोर्चाही निघाला होता. ट्रॅफिकने मीही वैतागते, पण इथे पडलेलं पाणी खडकात मुरून खालच्या विहिरी-बोअरला मिळतं, ते कुठल्या पुलावरून आणणार?

माझे पाचपैकी चार. पहिल्यांदा जायचं असेल तर ऑगस्टचा एखादा कोरडा दिवस धरा, सकाळी लवकर, आणि शूज चांगल्या ग्रिपचे घाला, उतरताना मुरमावरून पाय सटकतो.