सीएनजी की ऑटो गिअर? रोजच्या पन्नास किलोमीटरचा हिशेब

रोजचं जाणंयेणं चाळीस-पन्नास किलोमीटर, गाडी छोटीच हवी, ॲव्हरेज चांगलं हवं. इथपर्यंत सगळ्यांचं लवकर ठरतं. मग घोडं अडतं ते एका जागी. वरचे पैसे घालायचेच, तर ते सीएनजीसाठी घालायचे की पेट्रोलमधल्या ऑटो गिअरसाठी, म्हणजे एएमटीसाठी?

मी दोन्ही केलंय. आधी चार वर्षं कंपनी फिटेड सीएनजी चालवली, आता सव्वा वर्ष एएमटी चालवतोय. रस्ता तोच, पुण्यातला, धायरी ते हिंजवडी. नवले पूल, वारजे, चांदणी चौक, बाणेर आणि शेवटी भूमकर चौकात जो काही प्रसाद मिळेल तो. तेव्हा पुढचं सगळं या रस्त्यापुरतं खरं धरा. तुमचा रस्ता मोकळा असेल तर तुमचा हिशेब वेगळा.

ॲव्हरेजचं आधी उरकून टाकतो. गाड्यांचं ॲव्हरेज तपासणारी एआरएआय ही संस्था आमच्या पुण्यातच, कोथरूडला वेताळ टेकडीवर आहे. पण तिथला आकडा काही टेकडी उतरून वाकडच्या ट्रॅफिकमध्ये येत नाही. छोट्या गाड्यांचे जाहीर आकडे पेट्रोलला लिटरला पंचविसाच्या आणि सीएनजीला किलोला चौतिसाच्या आसपास असतात. माझ्या वहीत सीएनजीला किलोमागे 25 आणि एएमटीला लिटरमागे 18 आहेत. एसी चालू, गाडीत बहुतेक वेळा एकटाच. महिन्याला बाराशे किलोमीटर, पेट्रोल शंभरीच्या वर आणि गॅस नव्वदीच्या आसपास धरला, तर सीएनजीवाला महिन्याला साधारण अडीच हजार वाचवतो. सीएनजीसाठी एएमटीपेक्षा चाळीस-पन्नास हजार जास्त मोजले असतील, तर ते दीड-पावणेदोन वर्षांत वसूल. पैशांच्या बाबतीत वाद नाही, सीएनजी जिंकते. मीही याच हिशेबाने पहिल्यांदा ती घेतली होती.

डिकीचं रडगाणं मी गाणार नाही. सिलिंडर आडवा बसला की गावाकडून येताना तांदळाचं पोतं मागच्या सीटवर ठेवावं लागतं, एवढंच. आणि आता त्यावरही तोड निघाली आहे. टाटाने 2023 मध्ये अल्ट्रोझला एका मोठ्या सिलिंडरऐवजी दोन छोटे देऊन ते डिकीच्या तळाशी बसवले. ह्युंदाईनेही मग तोच मार्ग धरला. खंबाटकी चढताना गॅसवर गाडी थोडी मरगळते, पण पेट्रोलचं बटण दाबलं की काम होतं. दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने तपासणी करावी लागते, त्यात एखादा दिवस जातो. हे सगळं मी चार वर्षं बिनतक्रार केलं.

मला नको झाली ती रांग.

सिलिंडर साठ लिटरचा, पण त्यात गॅस मावतो आठ-साडेआठ किलो. तोही मशीनला दोनशे बारचं प्रेशर असेल तर. म्हणजे रोज पन्नास किलोमीटर जाणाऱ्याला चौथ्या दिवशी पंप आलाच. माझा पंप हायवेच्या साताऱ्याकडे जाणाऱ्या बाजूला, त्यामुळे सकाळी भरायची सोयच नाही. संध्याकाळी सुटलो की सर्व्हिस रोडवर रांगेचं शेपूट दिसायचं आणि त्या क्षणी मनात भागाकार सुरू व्हायचा: पुढे वीस गाड्या, दोन मशिनी, त्यातलं एक रिक्षांसाठी.

एप्रिलमधली एक संध्याकाळ अजून आठवते. साडेसातला रांगेत लागलो. माझ्या पुढच्या टॅक्सीवाल्याने बॉनेटवर डबा उघडला, शांतपणे जेवला, हात धुतले, डबा विसळला. आम्ही तोवर चार गाड्या पुढे सरकलो होतो. पावणेनऊला माझा नंबर आला, तर नोझल हातात धरून पोरगा म्हणाला, ‘‘काका, प्रेशर एकशेचाळीस आहे. भरू का?’’ आता नाही म्हणून जाणार कुठे? पाच किलो तीनशे ग्रॅम गॅस मिळाला. म्हणजे चौथ्याऐवजी तिसऱ्या दिवशी पुन्हा त्याच रांगेत.

त्यात त्या पोराचा काही दोष नाही. ज्या पंपाला पाइपलाइन नसते तिथे गॅस ट्रकवरच्या सिलिंडरमधून येतो. गाड्या भरत जातील तसं ट्रकमधलं प्रेशर उतरत जातं आणि पुढचा ट्रक येईपर्यंत मागच्यांना अर्धं पोट घेऊन निघावं लागतं. उन्हाळ्यात गॅस तापलेला असल्याने तेवढ्याच प्रेशरला वजनही कमी भरतं. शिवाय गॅस भरताना गाडीतल्या सगळ्यांनी खाली उतरायचं. नियम बरोबरच आहे, पण भर पावसात काठी टेकत वडिलांना उतरवताना त्याचा राग येतोच.

वेळेपेक्षाही जास्त खटकायचं ते दुसरंच. दिवसभर डोक्याच्या एका कोपऱ्यात काटा असायचा. आज भरू की उद्या? उद्या शुक्रवार, गर्दी होईल. रात्री अकराला जाऊन बघू का? तसा जायचोही. जेवण झाल्यावर शतपावली करावी तसा गॅस भरायला. बायको म्हणायची, तुम्ही गाडी पाळलीय की म्हैस?

महिन्याला सहा-सात वेळा, दर खेपेला चाळीस मिनिटं धरा. अडीच हजार रुपये वाचवायला मी चार-साडेचार तास देत होतो. कुणी म्हणेल तासाला साडेपाचशे-सहाशे सुटले, वाईट काय? खरंय. वाईट नाही.

आता एएमटी. तिच्यात खोड नाही असं नाही. आतला गिअरबॉक्स साधा मॅन्युअलचाच, फक्त क्लच आणि गिअरचं काम यंत्र करतं. आपल्याकडे छोट्या गाडीत हे पहिल्यांदा 2014 च्या मारुती सेलेरिओत आलं. यंत्र गिअर बदलताना क्षणभर दम घेतं आणि तुमची मान होकारार्थी हलते. पहिला आठवडा मला वाटायचं, गाडी माझ्या प्रत्येक बोलण्याला ‘‘बरं’’ म्हणतेय. पुढे सवयीने कळतं की गिअर बदलायच्या बेताला ॲक्सिलरेटर किंचित सोडला तर झटका बसत नाही. ओव्हरटेक करताना तिच्याकडून घाईची अपेक्षा नको. आणि चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरायची नाही, क्लच जळतो. ब्रेकच दाबून ठेवायचा. आमच्या सोसायटीच्या बेसमेंटचा उतार खडा आहे. तिथे हिल होल्ड, म्हणजे चढावर ब्रेक सोडल्यावर गाडी क्षणभर धरून ठेवणारी सोय, नसलेली गाडी घेऊ नका, असं मात्र ठासून सांगेन.

पण भूमकर चौकात सव्वाआठला अडकलो की हे सगळं माफ. ब्रेक सोडला की गाडी आपणहून सरकते, दाबला की थांबते. डावा पाय नुसता ठेवलेला. पूर्वी घरी पोचलो की पहिली दहा मिनिटं गुडघा चोळण्यात जायची, ती बंद झाली. आणि महिन्यातून दोनदा कुठल्याही पंपावर वळायचं, पाच मिनिटांत टाकी फुल करून निघायचं. काटा दोन दांड्यांवर आला तरी पोटात गोळा येत नाही.

दोन्ही एकत्र हवंय म्हणाल, तर 2024 पासून टाटाच्या टियागोत सीएनजीलाही एएमटी मिळते. गुडघ्याचा प्रश्न त्यात सुटतो. रांगेचा नाही.

म्हणून सीएनजी घेऊच नका असं मी म्हणत नाही. माझा साडू चिंचवडहून रोज रांजणगावला जातो, येऊन-जाऊन शंभरच्या वर होतात. त्याच्या वाटेवर पाइपलाइनचा पंप आहे आणि सकाळी सहाला तिथे कुत्रं नसतं. त्याला मीच सीएनजी घ्यायला लावली. तो खूश आहे, आणि पैशांत माझ्या कितीतरी पुढे आहे.

तुमचं ठरत नसेल तर शोरूमला नंतर जा. आधी तुमच्या वाटेवरच्या गॅस पंपावर, तुमच्या सुटायच्या वेळेला, तीन संध्याकाळ जाऊन उभे राहा. मशीनवर प्रेशरचा काटा असतो, तो बघा. आणि रांगेतल्या शेवटच्या माणसाला नुसतं विचारा, कधीपासून थांबलाय? तो जे सांगेल त्याला महिन्यातून सातने गुणा.